एक्केचाळिसावी हालचाल

सात पंच, तीन खेळाडू, एक प्रशिक्षक आणि निदान चार हजार प्रेक्षक, एवढ्या जणांच्या डोळ्यांदेखत काताची एक्केचाळिसावी हालचाल गायब झाली आणि ते फक्त दोघांच्या लक्षात आलं. त्यांतले एक मास्तर. ते मैदानाच्या कडेला प्रशिक्षकाच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि नियमाप्रमाणे त्यांना तिथून उठायची, ओरडायची किंवा हातवारे करायची मुभा नव्हती. असती तरी त्यांनी काय केलं असतं, हा प्रश्न त्यांना पुढे नऊ महिने पुरला.

ज्यांचा कराटेशी संबंध फक्त शेजारच्या मुलाच्या पांढऱ्या कपड्यांपुरता आहे, त्यांना थोडं सांगायला हवं. कराटेच्या स्पर्धेत दोन प्रकार असतात. एकात समोरच्याशी लढायचं असतं. दुसऱ्यात समोर कोणी नसतंच. ठरलेल्या क्रमाने हवेत ठोसे मारायचे, ठरलेल्या जागी वळायचं, न आलेले वार अडवायचे. या दुसऱ्या प्रकाराला काता म्हणतात. सांघिक काता तिघं मिळून करतात, आणि तिघं मिळून एकच माणूस वाटावं अशी अपेक्षा असते. एक हालचाल गाळली की संघ बाद. तिथे दयामाया नाही. मास्तरांच्या मुलींचा काता बहात्तर हालचालींचा होता आणि त्यात एक मेख होती. एक तुकडा हुबेहूब दोनदा येतो. पहिल्यांदा तो संपला की पुढे जायचं. दुसऱ्यांदा, म्हणजे चाळिसाव्या हालचालीनंतर, गर्रकन मागे वळून खालचा वार अडवायचा आणि मग पुढे जायचं. हे मागे वळणं म्हणजे एक्केचाळिसावी.

त्या दिवशी पुढची वळली नाही. पहिल्या वेळेसारखीच सरळ पुढे गेली. आणि तिच्या मागच्या दोघी, तितक्याच सरळ, त्याच क्षणी, त्याच श्वासाला पुढे गेल्या. तिघींत केसाचंही अंतर पडलं नाही.

मुलींना नावं होती. पण सहा वर्षं त्रिकोणात उभं राहून त्या पुढची, डावी आणि उजवी झाल्या होत्या आणि घरच्यांनीही हळूहळू शरणागती पत्करली होती. फोन केला की डावीची आई सांगायची, "डावी आंघोळीला गेलीय." पुढची जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत खिडकीवर बसायची, तीही हंगामी, दर सहा महिन्यांनी तिला एका दिवसापुरतं कामावरून काढत आणि दुसऱ्या दिवशी परत घेत. तिने एकदा त्या एका दिवसासाठी आपल्या नावाने मृत्यूचा दाखला मागितला होता, तो साहेबांना विनोद वाटला नाही. डावी दाताच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली होती. उजवी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होती आणि आजवर तिने एकाचाही जीव वाचवला नव्हता, कारण तलाव चार फूट खोल होता.

आणि मास्तर चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. तीस वर्षं घासत होते. तिरप्या नंबराची काच पाच अंशांनी फिरली तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं; मास्तरांची काच कधी फिरली नव्हती. संध्याकाळी दुकान सुटलं की ते नगरवाचनालयाच्या तळघरात क्लास घ्यायचे. त्यांची शिकवण्याची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. मागच्या दोघींनी मनात आकडे मोजायचे नाहीत. त्यांनी फक्त पुढचीचा श्वास ऐकायचा. पहिली दोन वर्षं त्यांनी डावीच्या आणि उजवीच्या डोळ्यांवर पट्टी बांधून सराव घेतला होता. "मोजू नका, ऐका," हे त्यांचं ब्रीदवाक्य. डावीने एकदा विचारलं होतं, "सर, पुढची चुकली तर?" मास्तर म्हणाले होते, "तुम्ही मागे आहात. तुमचं काम तिला एकटं न पाडणं."

त्यांनी तिला एकटं पाडलं नाही. सात पंच तिघींत कोण मागेपुढे होतंय हे डोळ्यांत तेल घालून बघत होते आणि कोणीच मागेपुढे झालं नाही. चूक एकीने केली की चूक असते. तिघींनी एका श्वासात केली की पंचांना ती शैली वाटते. समोरच्या संघातली एक मुलगी एका पायावर जराशी डगमगली. निकाल लागला. कांस्यपदक.

देशाचं पथक बावीस जणांचं होतं. त्यांत खेळाडू तेरा आणि पदाधिकारी नऊ. तेरापैकी दहा खेळाडू पहिल्या फेरीतच बाद झाले होते आणि पदाधिकारी दुसऱ्या दिवसापासून खरेदीला बाहेर पडत होते. त्यामुळे पदक लागल्याची बातमी महासंघाच्या अध्यक्षांना एका बुटांच्या दुकानात समजली आणि ते एका पायात नवा बूट घालूनच टॅक्सीत बसले, असं म्हणतात. अध्यक्ष मुळात सोफे विकायचे. महासंघाला यापूर्वी कधी काही लागलं नव्हतं. ते आले, मास्तरांना मिठी मारली आणि छायाचित्रात मधोमध उभे राहिले.

अध्यक्ष पोचायच्या आधीच मास्तर मुलींच्या खोलीकडे निघाले होते, ते विचारायचं ठरवूनच. दारातून त्यांना पुढची दिसली. बाकावर पाय वर घेऊन ती फोनवर आईशी बोलत होती आणि दोन्हीकडून नुसतं रडणं चाललं होतं.

"आई, साहेब म्हणाले होते ना, पदक आणलंस तर कायम करतो. म्हणाले होते ना गं?"

मास्तर दारातूनच फिरले. बाहेर पाण्याच्या यंत्रापाशी डावी उभी होती.

"सर, तुम्ही बघितलंत ना?"

"काय?"

डावीने त्यांच्याकडे बघितलं. पेला भरून वाहायला लागला तरी तिने बोट काढलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "नसेल बघितलंत."

उजवीला त्यांनी परतीच्या विमानात आडवळणाने विचारलं, चाळिसानंतर कसं वाटलं म्हणून. उजवी म्हणाली, "चाळीस कुठली सर? मी मोजत नाही. तुम्हीच तर सांगितलंय." आणि ती झोपली. पुढचीला मात्र त्यांनी काहीच विचारलं नाही, कारण तिला खरोखरच काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी तिने बहात्तरच्या बहात्तर केल्या होत्या आणि आयुष्यात कधी नव्हत्या इतक्या छान केल्या होत्या. नोकरी कायम झाल्याचं पत्र तिला परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मिळालं. पत्रात लिहिलं होतं, 'आंतरराष्ट्रीय पदकाच्या पार्श्वभूमीवर.' ती पार्श्वभूमी काढून घेतली तर पत्रात काय उरतं, हे मास्तरांनी मनाशी करून बघितलं. सही आणि शिक्का उरत होता.

तेव्हा मास्तर गप्प बसले. पोरीच्या भल्यासाठी. घरी त्यांनी बायकोला तेवढं सांगितलं.

"अहो, मग झालं तर," बायको म्हणाली. "सात जणांना दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं. तुमचा धंदाच आहे तो."

"अगं, पण चूक ती चूकच."

"मग सांगून टाका."

"पोरीची नोकरी जाईल."

"मग नका सांगू." बायको वर्तमानपत्राकडे वळली. "दोन्ही करायचं नाही आणि वर घास गिळायचा नाही, असं नका करू फक्त."

मास्तरांनी नेमकं तसंच केलं.

आता, चूक गप्प राहिली की विरून जाईल असा त्यांचा हिशेब होता. पण महासंघाला पन्नास वर्षांत पहिलं पदक लागलं होतं आणि महासंघ हात धुऊन त्याच्या मागे लागला. चित्रफीत सगळ्या क्लासांना पाठवली गेली. मुलं ती संथ गतीने बघू लागली. दोन महिन्यांनी एका गावाहून पत्र आलं की आमच्या सरांच्या काताला एक हालचाल जास्त आहे, तरी खुलासा व्हावा. तांत्रिक समिती बसली. समितीत पाच जण होते, त्यांतल्या दोघांनी काता कधी केला नव्हता आणि उरलेल्या तिघांनी तो कॅसेटच्या जमान्यात केला होता. त्यांनी चित्रफीत सहा वेळा बघितली, सातव्या वेळी मास्तरांकडे बघितलं आणि मास्तरांनी चहाच्या कपाकडे बघितलं.

"मास्तर, ही मुद्दाम काढलीत ना?" अध्यक्षांनी विचारलं.

हा क्षण होता. मास्तरांच्या ओठांवर 'नाही' आलंही होतं. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग त्याच्या पुढचा येणार, आणि सगळ्यात शेवटी पुढचीची खिडकी येणार. ते म्हणाले, "प्रवाह जरा अखंड राहतो."

अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "मी हेच म्हणत होतो. आजच्या काळात मागे बघायला वेळ कोणाला आहे? आम्हीसुद्धा सोफ्याची मागची बाजू साधीच ठेवतो. भिंतीला लागून असते, बघतंय कोण."

असा तो सिद्धान्त झाला. सहा महिन्यांच्या आत महासंघाची नवी पुस्तिका निघाली. तिच्यात एकाहत्तर हालचालींचा 'पदक-काता' सचित्र छापला होता आणि प्रस्तावना मास्तरांची होती. म्हणजे लिहिली दुसऱ्याच कोणी, सही मास्तरांची. पट्ट्यांच्या बढत्यांच्या परीक्षेत जी मुलं जुन्या सवयीने मागे वळायची त्यांचे गुण कापले जाऊ लागले. मास्तरांच्या स्वतःच्या तळघरात एका दहा वर्षांच्या मुलीने त्यांना सुनावलं, "सर, तुम्ही एक जास्त करताय."

पुढची या काळात भाषणं देत फिरत होती. कचेरीने तिला त्यासाठी रजा मंजूर केली होती. तेवीस शाळांत ती 'एकाग्रता' या विषयावर बोलली. ती मुलांना सांगायची, "मनात दुसरा विचार आला की हालचाल चुकते. माझ्या मनात त्या दिवशी एकही विचार नव्हता." हे शब्दशः खरं होतं.

महासंघाने पुढच्या स्पर्धेसाठी निवड चाचणी जाहीर केली त्याच आठवड्यात डावी चष्म्याच्या दुकानात आली. दुपारची वेळ होती, मालक जेवायला गेले होते. मास्तर यंत्रावर काच धरून बसले होते. पाणी टपकत होतं.

"सर, मी एक्केचाळिसावी करणार आहे," ती म्हणाली. "चाचणीत."

मास्तरांनी यंत्र बंद केलं. "पुस्तिकेत नाहीये ती."

"पुस्तिकेत नाही म्हणूनच."

"अगं, बाकीच्या दोघी पुढे जातील. तू एकटी उघडी पडशील."

"मग तुम्ही आधी सांगा सगळ्यांना. तुम्ही सांगितलंत तर मला काही करावं लागणार नाही."

"चाचणी होऊ दे," मास्तर म्हणाले. "निवड होऊ दे. मग बघू."

"हे तुम्ही पुस्तिकेच्या वेळीही म्हणाला होतात. पुस्तिका होऊ दे, मग बघू." ती काउंटरवरच्या रिकाम्या फ्रेमा एका रांगेत लावत होती, दवाखान्यात हत्यारं लावायची सवय. "तिकडे गेल्यावर सात पंचांत एक जरी जागा निघाला तर आपण बाद. तेव्हा तुम्ही कोणाला पुढे करणार? पुढचीलाच ना?"

"तिच्यासाठीच तर गप्प आहे मी. पदक गेलं तर नोकरी गेली तिची. तुला कळत नाही का?"

"मला कळतं. तिलाच कोणी कळू दिलं नाही." डावीने शेवटची फ्रेम लावली. "मला त्या दिवशी तिच्या श्वासातच समजलं होतं. अर्ध्या क्षणात. मी मागे वळायला टाच उचलली होती सर. उचलली, आणि तुमचं वाक्य आठवलं."

मास्तरांनी काच पुसायला घेतली. ती पुसून झालेली होती.

"तू केलीस तर चाचणीचा मुख्य पंच म्हणून मला तुझी चूक धरावी लागेल," ते म्हणाले. "नियम आहे. जिची चूक तिला वगळायचं, राखीव घ्यायची."

"धरा."

"डावे, तुझी सहा वर्षं जातील."

"तेच विचारायला आले होते, की तुम्ही धराल का. आता समजलं." ती गेली. मालक आले तेव्हा मास्तर तीच काच पुसत होते आणि ती इतकी स्वच्छ झाली होती की मालकांना त्यांचा हात रिकामाच वाटला.

चाचणी शनिवारी सकाळी झाली. क्रीडा-सभागृहात निळ्या गाद्या, लांब टेबल, टेबलामागे पाच पंच, मधल्या खुर्चीत मास्तर. शेजारी अध्यक्ष, ध्वनिक्षेपक आणि पाण्याच्या बाटल्या. कडेला राखीव संघ अंग मोकळं करत होता. प्रेक्षकांत बहुतेक इतर क्लासांची मुलं आणि त्यांना आणणारे पालक.

तिघी आल्या, वाकल्या, त्रिकोणात उभ्या राहिल्या. पुढचीने काताचं नाव खणखणीत उच्चारलं. सुरुवात झाली. मास्तर स्वतः मोजत नसत. त्या दिवशी मोजत होते. तिसाव्यापर्यंत तिघी एका दोऱ्यात ओवल्यासारख्या होत्या. छत्तीस, सदतीस. मास्तरांना वाटलं, हिने विचार बदलला असेल. अडतीस. हिच्या आईने समजावलं असेल. एकोणचाळीस, चाळीस.

पुढची आणि उजवी सरळ पुढे गेल्या. डावी गर्रकन मागे वळली, खालचा वार अडवला, पुन्हा फिरली आणि त्यांच्या मागून निघाली. सभागृहात मुलांचं एक हलकं हसू उमटलं. तिथून शेवटपर्यंत डावी बरोबर एका हालचालीने मागे होती. दोघी ठोसा मारत तेव्हा ती अडवायची, त्या थांबत तेव्हा ती ठोसा मारायची. तिने घाई केली नाही. त्या दोघी संपून उभ्या राहिल्या तेव्हा ती एकटी बहात्तरावी पूर्ण करून वाकली.

"अरेरे," अध्यक्ष ध्वनिक्षेपकावर हात ठेवून म्हणाले. "डावी गेली कामातून. मास्तर, जाहीर करा, राखीव तयारच आहे."

बाकीच्या चार पंचांनी कागदावर लिहून कागद मास्तरांकडे सरकवले. चारही कागदांवर एकच शब्द होता: डावी. मास्तरांनी पाचवा कागद समोर घेतला. पेन उघडलं. आपण काय लिहिणार आहोत हे त्यांना माहीत होतं. त्यांनी 'डा' लिहिलंही.

गादीवर पुढची मागे वळून डावीशी बोलत होती. सभागृह शांत होतं, म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं.

"काय केलंस तू हे?"

"एक्केचाळिसावी."

"ती तर आता काढलीय."

"कोणी काढली?"

"सरांनी. पदकाच्या आधी. पुस्तिकेतच आहे तसं." पुढची बोलता बोलता थांबली. तिने डावा पाय जरासा हलवला, मग कंबर, मग हाताची बोटं, जशी एखादी किल्ली कुठे ठेवली हे आठवताना माणसं खिसे चाचपतात. "सरावात आपण कधी काढली?" ती म्हणाली. "मला काढल्याचं आठवतच नाही. आदल्या दिवशीच्या सरावात होती ना गं ती? होती. तू पाणी मागितलंस, ते त्याच्या नंतर."

डावीने टेबलाकडे बघितलं. मग पुढचीने टेबलाकडे बघितलं.

"सर, ती मी सोडली होती का?"

मास्तरांच्या समोर कागदावर 'डा' होता. अध्यक्ष पुटपुटले, "राखीव म्हणा, राखीव." मास्तर उठून उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की ध्वनिक्षेपक आपल्याच हातात आहे.

"हो," ते म्हणाले. "सुटली होती. डावीने आज केली ती बरोबर आहे. चूक बाकीच्या दोघींची आहे, आणि पुस्तिकेचीही."

सभागृहातल्या मुलांना यात काही विशेष वाटलं नाही. पालकांनी मात्र फोन वर केले.

"तुम्हाला कधी समजलं?" पुढचीने विचारलं. तिला ध्वनिक्षेपकाची गरज लागली नाही.

"तेव्हाच."

"तेव्हाच म्हणजे?"

"तू करत होतीस तेव्हा."

पुढचीने मान डोलावली. कचेरीच्या खिडकीवर कोणी कागद अर्धवट भरून आणला की ती अशीच मान डोलवायची. "तेवीस शाळा," ती म्हणाली. "सर, मी तेवीस शाळांत जाऊन सांगितलं." मग तिने कमरेचा पट्टा सोडला, त्याची नीट घडी घातली आणि ती चालायला लागली. उजवी दोघींकडे आलटून पालटून बघत राहिली. तिला पहिल्यांदाच कोणाच्या मागे जायचं ते समजत नव्हतं.

महासंघाने परिस्थिती सांभाळली. सारवासारव हा त्यांचा खरा खेळ होता. इतिवृत्तात नोंद झाली की चाचणीदरम्यान मुख्य पंचांची प्रकृती अचानक बिघडून त्यांनी असंबद्ध विधानं केली, सबब त्यांना विश्रांती देण्यात येत आहे. डावीने अतिउत्साहात एक हालचाल जास्त केल्यामुळे तिला वगळण्यात आलं. पुढचीने माघार घेतली, तिचं कारण 'घरगुती' पडलं. राखीव संघ स्पर्धेला गेला, त्याने पुस्तिकेबरहुकूम एकाहत्तर हालचाली केल्या आणि या वेळी सातपैकी सातही पंच जागे असल्यामुळे तो पहिल्याच फेरीत बाद झाला. अहवालात लिहिलं गेलं, 'परदेशी पंचांचा दृष्टिकोन अद्याप जुनाट आहे.' पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली. प्रस्तावना आता अध्यक्षांची होती.

मास्तरांनी या सगळ्यात एक गोष्ट धरून ठेवली होती. उशिरा का होईना, आपण बोललो. आणि नऊ महिने गप्प बसलो ते काही स्वतःसाठी नव्हे. तळघराच्या किल्ल्या वाचनालयाला परत दिल्या तेव्हा, शेजाऱ्यांनी तब्येतीची चौकशी केली तेव्हा, डावीने रस्त्यात पाहून न पाहिल्यासारखं केलं तेव्हा, ते हेच मनाशी म्हणायचे. त्यावर त्यांना थोडी झोप लागायची.

पुढची दुकानात आली ती दोनेक महिन्यांनी, दुपारच्या सुट्टीत. गळ्यात कचेरीचं ओळखपत्र होतं. दुकानात तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मास्तर काउंटरमागून पुढे आले.

"ये, बस ना."

"बसत नाही. खिडकी बंद करून आलेय." तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "मी आंतरराष्ट्रीय संघटनेला लिहिलं होतं. सगळं लिहिलं, चित्रफीत जोडली, पदक परत घ्या म्हटलं. त्यांचं उत्तर आलंय."

मास्तरांनी कागद उलगडला. उत्तर चार ओळींचं होतं. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. निकालावरची हरकत सामना संपल्यापासून तीस मिनिटांच्या आत लेखी नोंदवावी लागते. त्यानंतर निकाल अंतिम असतो व कोणत्याही कारणास्तव बदलता येत नाही. आपल्या कांस्यपदकाबद्दल पुन्हा एकदा अभिनंदन.

"म्हणजे नोकरी जात नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा सैलावला.

"जात नाही. जाणारच नव्हती." पुढचीने कागद परत घेतला. "अर्धा तास झाल्यावर कधीही सांगितलं असतंत तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी. विमानात. पुस्तिकेच्या बैठकीत. पदक हललं नसतं, पत्र हललं नसतं. डावी संघात राहिली असती. मी भाषणं केली नसती."

"मी तुझ्यासाठीच गं..."

"तसं नका म्हणू. मला काही विचारलं नव्हतंत." तिने आवाज चढवला नाही. "मला एकच समजून घ्यायचंय. तीस मिनिटांचा नियम आम्हाला तुम्हीच पाठ करून घेतला होता. जायच्या आधी, तळघरात, तिघींना उभं करून. उजवीला तो येईना म्हणून तुम्ही तिच्याकडून वीसदा म्हणून घेतलात. तो तुम्ही विसरलात का? विसरला असाल तर ठीक आहे सर. मीही एक गोष्ट विसरलेच होते. होतं असं."

तिने खरोखरच दार उघडं धरलं होतं. मास्तरांनी फक्त हो म्हणायचं होतं. विसरलो, गडबडीत, एवढं पदक लागलं, डोकंच चालेना. ती ऐकून घ्यायला आली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मास्तरांना ते पाण्याचं यंत्र आठवलं, वाहणारा पेला आठवला. त्यांच्या मनगटावर तेव्हा घड्याळ होतं आणि डावीशी बोलताना त्यांनी त्यात बघितलं होतं. निकालाला अकरा मिनिटं झाली होती. मग बक्षीस समारंभाच्या रांगेत पुन्हा बघितलं होतं, तेव्हा चौतीस झाली होती, आणि त्यांनी श्वास सोडला होता.

"नाही," ते म्हणाले. "विसरलो नव्हतो."

पुढचीने कागदाची घडी घातली, ती दोनदा चुकली, मग तिने तो तसाच पर्समध्ये कोंबला.

"मग पुस्तिकेवर सही का केलीत?"

मास्तरांनी काउंटरवरची एक फ्रेम सरळ केली. "पन्नास वर्षांत कोणाला लागलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "माझ्या मुलींना लागलं होतं."

"बरं," ती म्हणाली. "डावीला सांगते. तिला वाटतं तुम्ही मला सांगायला घाबरत होतात."

ती गेली. मास्तर काउंटरला धरून उभे राहिले. बाकावरच्या तिन्ही गिऱ्हाइकांनी आपण काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला घेतली होती, तीही सगळ्यात खालच्या, कोणालाच न दिसणाऱ्या ओळीपासून.